त्या ओढ्याचं नाव सेनिओ : सोलापूर जिल्ह्यातल्या इतिहास शिक्षकांना खुले पत्र

सोलापूर, एप्रिलचा पहिला आठवडा

गुरुजनहो, स. न. वि. वि.

मी शिक्षक नाही. टपाल खात्यात चौतीस वर्षं काढली. पहिली अकरा सायकलवर, सांगोला आणि मंगळवेढा तालुक्यांत. पुढची सॉर्टिंगच्या टेबलाशी आणि उरलेली काउंटरमागे. तेव्हा इतिहासाबद्दल तुम्हाला काही सांगायचा माझा अधिकार एवढाच, की या जिल्ह्यातली बरीच घरं मी उंबऱ्यापर्यंत जाऊन पाहिली आहेत आणि कुठल्या घरी माजी सैनिकाची मनीऑर्डर येते हे मला एके काळी तोंडपाठ होतं.

पत्राचं निमित्त सांगतो. नातवाच्या शाळेत मागे प्रदर्शन होतं. एका तक्त्यावर मथळा होता 'दुसऱ्या महायुद्धातील आठवी डिव्हिजन', आणि खाली चिकटवलेला फोटो टायगर हिलचा! बर्फ, तिरंगा, हातात आजच्या रायफली. मी बाईंना बाजूला घेऊन हळूच म्हटलं, हे कारगिल आहे. त्या ओशाळल्या नाहीत की रागावल्या नाहीत, उलट म्हणाल्या, "काका, इंटरनेटवर आठवी डिव्हिजन टाकलं की हेच येतं. मग खरी आठवी कुठली?" प्रश्न इतका सरळ होता की उत्तर तिथल्या तिथे उभ्याने देता आलं नाही. ते इथे देतो आहे, आणि एकट्या बाईंना नको म्हणून सगळ्यांना.

आठ हा आकडा तसा गोंधळात टाकणाराच आहे. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, ते तिथे चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीबरोबर राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच वारले. ही एक आठवी. इटलीत लढलेली ब्रिटिशांची फौज तीही आठवी, एट्थ आर्मी. तिच्या पोटात आपली आठवी भारतीय इन्फंट्री डिव्हिजन. आणि १९९९ मध्ये द्रास-कारगिलला लढली ती आठवी माउंटन डिव्हिजन, जी १९६३ मध्ये नव्याने उभी केलेली. आकडा तोच, वारसा वेगळा. पोरांनी चूक केली यात नवल नाही. मीच कित्येक वर्षं यातल्या एका आठवीबद्दल अडाणी होतो, आणि ती माझ्या घरात राहत होती.

माझे थोरले चुलते सांगोला तालुक्यातले. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. १९४२ च्या पावसाळ्यात ते भरती झाले. पावसाळा म्हणायचं एवढंच, पाऊस नव्हता. कर्ज होतं, खाणारी तोंडं सात होती. बार्शी लाईटच्या चिमुकल्या गाडीने मिरजेला आणि तिथून गाडी बदलून बेळगावला. मराठा लाइट इन्फंट्रीचं ट्रेनिंग सेंटर तेव्हाही बेळगावलाच. तिथून मुंबई, मुंबईहून बोटीने बसरा, आणि शेवटी पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. १७६८ ची उभारणी. त्या पलटणीतली माणसं आपण किती जुने हे सांगताना अजूनही छाती काढतात.

आबा बोलके नव्हते. पण रात्री अंगणात बाजेवर पडले की कधी कधी 'शेणी नदी' काढायचे. आम्ही पोरं खो खो हसायचो. शेणी म्हणजे गोवऱ्या. त्यांची कधी नदी असते का? आबा चिडायचे. "नदी कसली? वढा हुता, वढा. आपल्या माणंपेक्षा बारका. पर बांध? आपली चावडी एकावर एक तीन ठिवली तरी बांध वरच." ही गप्प आहे असं आम्ही धरून चाललो. १९९१ मध्ये आबा गेले. त्यानंतर सहा-सात वर्षांनी हिराचंद नेमचंद वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडून बसलो असताना इटलीच्या नकाशावर एका नदीचं नाव दिसलं, आणि मी ते मनातल्या मनात आबांच्या तोंडाने वाचलं. सेनिओ. शेणी.

आयुष्यभर चुकीच्या पत्त्यांवरून बरोबर घर शोधत आलो आणि घरातल्या माणसाचा पत्ता मला इतक्या उशिरा लागला.

आता खरी आठवी. आधी डिव्हिजन म्हणजे काय ते पोरांना नीट सांगा, कारण 'पलटण', 'रेजिमेंट', 'डिव्हिजन' हे शब्द आपण कसेही फेकतो. तीन-चार पलटणी मिळून ब्रिगेड, तीन ब्रिगेड मिळून डिव्हिजन. शिवाय तोफा, पूल बांधणारे सॅपर, खेचरं, दवाखाने, सिग्नल आणि (मी हे गाळणं शक्यच नाही) फील्ड पोस्ट ऑफिस. सगळी मिळून सोळा-सतरा हजार माणसं. मोहोळ किंवा कुर्डुवाडीसारखं एक अख्खं गाव उठून चालू लागावं, तसं.

ही डिव्हिजन ऑक्टोबर १९४० मध्ये मेरठला उभी राहिली. पहिली दोन-तीन वर्षं इराक, इराण, सीरियाकडे गेली; तेल आणि रस्ते राखण्यात. त्या काळातली एकच गोष्ट सांगण्याजोगी, आणि ती दुःखाची. १ जुलै १९४२ ला इजिप्तमधल्या अल अलामीनच्या आघाडीवर देर एल शेन नावाच्या उघड्या वाळवंटात हिची अठरावी ब्रिगेड जर्मन सेनापती रोमेलच्या रणगाड्यांपुढे एका दिवसात संपली. पण तो एक दिवस रोमेलचाही गेला, आणि मागच्यांना तेवढ्यात मोर्चे बांधता आले. पुढे इटलीत उतरताना डिव्हिजनमध्ये सतरावी, एकोणिसावी आणि एकविसावी अशा ब्रिगेड होत्या. आबांची जंगी पलटण एकविसावीत.

सप्टेंबर १९४३ मध्ये डिव्हिजन इटलीच्या टाचेला, तारांतो बंदरात उतरली. इथून पुढे नकाशा घेऊन बसा, नाहीतर काही कळणार नाही. इटलीच्या मधोमध पाठीच्या कण्यासारखा डोंगर आहे. त्यातून निघालेल्या नद्या दोन्ही बाजूंनी समुद्राकडे पळतात. दक्षिणेकडून उत्तरेला जाणाऱ्या फौजेला त्यातली प्रत्येक नदी आडवी येते आणि प्रत्येक नदीच्या पलीकडच्या काठावर जर्मन बसलेला. बिफेर्नो झाली की त्रिन्यो, त्रिन्यो झाली की सांग्रो, सांग्रो झाली की मोरो. आपण पंढरपूरहून निघालो आणि दर आठ कोसांवर नवी भीमा लागली, तीही पलीकडून गोळ्या झाडणारी, तर कसं होईल? ज्या गावात नदी म्हणजे वर्षातले दहा महिने वाळू आणि गाढवं, तिथल्या पोरांच्या वाट्याला हे युद्ध आलं. आबांना शेवटपर्यंत पोहता येत नव्हतं.

नोव्हेंबर १९४३ मध्ये सांग्रोला पूर आला, बांधलेले पूल वाहून गेले, तरी महिनाअखेरीस डिव्हिजन पलीकडे गेली आणि मोझाग्रोन्या नावाचं गाव घराघरातून लढून घेतलं. डिसेंबरात मोरो. मोरोवरच्या पुलाची गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण तिच्यात कुणी कुणाला मारत नाही. रस्ता काठावर असा वळलेला होता की आपल्या बाजूने पुलाचे लोखंडी भाग जोडून पुढे ढकलायला जागाच नव्हती. तेव्हा भारतीय सॅपर सगळं सामान घेऊन नदी उतरून शत्रूच्या काठावर गेले आणि पूल तिकडून इकडे बांधत आणला. त्या पुलाला नावच पडलं 'इम्पॉसिबल ब्रिज'. विज्ञानाच्या सरांनाही सांगा, अशा सुट्या भागांच्या, म्हणजे बेली पुलाचं तत्त्व शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळायचं नाही.

मग हिवाळा आणि चिखल. आबा म्हणायचे, चिखल आपल्या काळ्या रानातल्यासारखाच, फक्त गार. पुढे मे १९४४, रोमच्या वाटेवरचं कॅसिनो गाव. कॅसिनोचा मठ आणि त्यावरचे हल्ले पुष्कळ गाजले आहेत. आठव्या डिव्हिजनचं काम मठाच्या खालच्या अंगाला, गारी नदीवर. ११ मेच्या रात्री तोफा सुरू झाल्या. नदी जेमतेम पन्नास-साठ फुटांची, पण धार अशी की होड्या दिसेनाशा व्हायच्या. १२ तारखेला तिथे आठव्या पंजाब रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीतला कमल राम नावाचा शिपाई मशीनगनच्या चौक्यांवर एकट्याने चालून गेला. करौलीकडचा, वय १९. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ब्रिटिश फौजेतलं शौर्याचं सगळ्यांत मोठं पदक. त्याच दिवसांत एक अख्खा पूल रणगाड्याच्या पाठीवर लादून नदीत नेऊन बसवला गेला. रणगाडे कॅनडाच्या पलटणीचे.

उन्हाळ्यात रोम मागे पडलं आणि डिव्हिजन फ्लॉरेन्सच्या अलीकडे आली. आबांची दुसरी 'गप्प' इथली. ते सांगायचे, एका मोठ्या वाड्यात आम्ही शिरलो तर भिंतींना टेकवून माणसाहून मोठी चित्रं, "झिरझिरीत लुगडी नेसल्याल्या बाया, संत्र्याच्या बागंत नाचत्यात. हात लावायचा न्हाई असा हुकूम." चुलती म्हणायची, म्हाताऱ्याला भलतंच दिसतंय. गुरुजनहो, तो वाडा मोंतेगुफोनीचा किल्ला. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातली दोनशेहून जास्त चित्रं बॉम्बपासून वाचावीत म्हणून तिथे हलवून ठेवली होती, त्यांत बोत्तिचेल्लीची 'प्रिमावेरा'ही. जुलै-ऑगस्ट १९४४ मध्ये आघाडी त्या किल्ल्याच्या दाराशी आली तेव्हा जंगी पलटणीचे मराठे तिथे होते. जगातले लोक विमानाचं तिकीट काढून, रांगा लावून जे चित्र बघतात, ते सांगोला तालुक्यातला एक माणूस घाणेरड्या बुटांनिशी, फुकटात बघून आला. घरी सांगितलं तर हसे झाले.

आणखी एक आठवण मी ऐकीव म्हणूनच देतो. त्या भागात पांढरेशुभ्र बैल असत. आबा त्यांच्याकडे बघत उभे राहायचे म्हणे. खिलारच्या मुलखातला माणूस तो. "आपल्या खिलारपेक्षा थोराड, पर शिंगं कसली ती, वीतभर," एवढा शेरा मारून इटलीचा विषय बंद. मला वाटतं सगळ्या युद्धात घराची आठवण त्यांना त्या बैलांनीच दिली असावी.

१९४४ ची थंडी डोंगरात गेली. नोव्हेंबरात मोंते सान बार्तोलोवर पाचव्या गुरखा रायफल्सचा थमन गुरुंग आपल्या साथीदारांना माघार घेता यावी म्हणून उघड्यावर उभा राहून गोळीबार करत राहिला आणि तिथेच पडला. डिसेंबरात डिव्हिजनचा काही भाग घाईने पश्चिमेला, सेर्क्यो खोऱ्यात, अमेरिकनांच्या मदतीला गेला. मग परत पूर्वेकडे. आणि ९ एप्रिल १९४५, आबांची शेणी.

सेनिओ त्या जागी पंधरा फूट रुंद आणि चार-पाच फूट खोल. आबा खोटं बोलत नव्हते, ओढाच. पण दोन्ही काठांना पुराचे बांध तीस-पस्तीस फूट उंच, सरळसोट; आणि त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी उंदरासारखी बिळं पोखरून मशीनगनी बसवलेल्या. अलीकडच्या बांधाच्या आतल्या उतारावर सुरुंग. संध्याकाळी मराठ्यांच्या एका कंपनीने अलीकडचा बांध धरायचा आणि तीन मिनिटांनी दुसरीने नदी ओलांडून पलीकडचा, असं ठरलं होतं.

त्या दुसऱ्या कंपनीत नामदेव जाधव नावाचा रनर होता. रनर म्हणजे निरोप्या, कंपनी कमांडरच्या मागे पळायचं, चिठ्ठी इकडून तिकडे पोहोचवायची. (थोडक्यात, आमच्याच खात्याचा माणूस.) संगमनेर तालुक्यातल्या निमजचा. पाण्यातून पलीकडे पोहोचतात तोच पाठीमागून, म्हणजे ज्या बांधावरून आले त्याच बांधाच्या आतून, किमान तीन मशीनगनी सुरू झाल्या. कंपनी कमांडर आणि दोघे जखमी. बाकीचे जागेवर ठार. उभा राहिला एकटा जाधव. त्याने एका जखमीला उचललं, पाण्यातून, सुरुंगांतून, त्या उभ्या चढावरून वर नेऊन ठेवलं. परत खाली आला. दुसऱ्याला नेलं. तिसऱ्यांदा खाली आला तो चौक्यांवर. पहिली टॉमीगनने बंद केली. हाताला गोळी लागली, बंदूक चालेना, ती फेकून दिली आणि हातबाँब घेतले. बाँब संपले तेव्हा सरपटत बांधावर गेला, पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी घेतले आणि उरलेल्या दोन चौक्या संपवल्या. मग मॉर्टर पडत असताना बांधाच्या माथ्यावर सरळ उभा राहून शिवाजी महाराजांच्या नावाची गर्जना करत कंपन्यांना हात करून बोलावलं : या!

आबा त्या 'या'च्या मागून गेलेल्यांतले. जाधवांना ते 'नामदेव' म्हणत, गावकीतल्यासारखं. मी विचारलं होतं, तुम्ही काय केलं? "पळालो. म्होरं पळालो." एवढंच उत्तर.

आता एक गोष्ट, जी वर्गात सांगाच. त्याच संध्याकाळी, त्याच नदीवर, याच डिव्हिजनच्या तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या सहाव्या पलटणीत अली हैदर नावाचा कोहाटचा पठाण शिपाई होता. त्याने दोन चौक्या एकट्याने घेतल्या, गोळ्या आणि ग्रेनेडचे छर्रे अंगावर घेऊन. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस. अडीच वर्षांनी त्याची पलटण पाकिस्तानात गेली आणि जंगी पलटण भारतात राहिली. डिव्हिजनला मिळालेले चार व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे करौलीचा कमल राम, नेपाळचा थमन गुरुंग, कोहाटचा अली हैदर आणि निमजचा नामदेव जाधव. हे चौघे आज तीन देशांच्या इतिहासात विभागले गेलेत. म्हणून या डिव्हिजनचा इतिहास 'आपला' म्हणून कुणीच पूर्ण सांगत नाही. जो तो आपला तुकडा फाडून नेतो.

माणगावकडचे यशवंत घाडगे, तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, इटलीतच लढले. १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात पडले, वय २२. पण ते तिसऱ्या पलटणीतले, दहाव्या डिव्हिजनचे. ही सरमिसळ आपल्याकडे नेहमी होते, म्हणून मुद्दाम सांगितलं. त्यांच्यासाठी मोंतोने नावाच्या इटालियन गावाने २०२३ मध्ये सूर्यघडी उभारली. परक्या गावाने.

आणि आपल्या गावांनी? आमच्या बीटवरच्या एका गावात पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी होती. इंग्रजांनी गावोगाव बसवलेल्या त्या पाट्या तुम्हीही पाहिल्या असतील : या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले. नुसते आकडे, नाव एकाचंही नाही. पुढे चावडी पाडली तेव्हा ती पाटी हौदावर आली. मी पाहिलं तेव्हा तिच्यावर धुणं चाललं होतं. दुसऱ्या महायुद्धाला तर तेवढीही पाटी मिळाली नाही.

यामागचं कारण मला माहीत आहे, तुम्हालाही आहे, फक्त आपण बोलत नाही. हे सोलापूर आहे. मे १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. ज्या शहराचा मुख्य चौक त्या चार हुतात्म्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या शहराने इंग्रजांच्या पगारावर लढलेल्यांचं कौतुक कसं करायचं? माझे वडील काँग्रेसचे. दोघा सख्ख्या भावांत त्यावरून एकदा वर्षभर अबोला होता. वडील म्हणाले होते, तू साहेबाची चाकरी केलीस. आबा म्हणाले होते, तुझं पोट कुणाच्या मनीऑर्डरीवर भरलं? दोघांचंही खरं होतं, आणि म्हणूनच तो वाद मिटला नाही, फक्त थांबला.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. आबांना स्वातंत्र्यसैनिक ठरवू नका, ते नव्हते. त्यांना भाडोत्रीही म्हणू नका. फाटक्या घरातला वीस वर्षांचा पोरगा कुठल्या झेंड्याखाली जेवतो याचा निवाडा पंख्याखाली बसून करायचा नसतो. फक्त लिहून घ्या. कोण गेलं, कुठल्या गावचं, कुठल्या पलटणीत, कुठल्या नदीवर. कौतुक करायचं की नाही ते पोरं मोठी होऊन ठरवतील, पण ठरवायला आधी नाव तर पाहिजे.

हे कसं करायचं? सुट्टी लागेल, पोरं मामाच्या गावाला जातील. त्यांना एवढंच सांगा की तिथल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपल्यातलं कुणी 'लाम'वर, म्हणजे लढाईवर, गेलं होतं का? 'दुसरं महायुद्ध' असं विचाराल तर नाही म्हणतील. 'लाम' म्हटलं, 'बसरा' म्हटलं की जुन्या माणसाचे डोळे हलतात. मग ट्रंक उघडायला लावा. पदकं निघतील. सहा टोकांची पितळी चांदणी निघाली तर मधल्या गोलात इंग्रजीत नाव असतं, इटली, आफ्रिका, बर्मा. फीत शिल्लक असेल तर तिच्यावरूनही कळतं. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे पट्टे म्हणजे इटली. आपल्याकडे प्रत्येक म्हाताऱ्याला 'बर्मात होते' म्हणायची सवय आहे, ती या एका चांदणीने सुटेल. आणि पत्रं निघाली तर त्यांवर गावाचं नाव शोधू नका. फील्ड पोस्ट ऑफिसचा नुसता नंबर असतो. सैनिक कुठे आहे ते कुणाला कळू नये म्हणूनच तो असतो. आजही ५६ ए. पी. ओ. लिहिलेल्या पाकिटावरून मला काही सांगता येणार नाही. तारीख मात्र जपा. तारीख आणि पलटण मिळाली की नदी सापडते.

जे परत आले त्यांच्यासाठी ही ट्रंक. जे आले नाहीत त्यांच्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची नोंदवही आहे, मोबाइलवर उघडते. इटलीत ५,७८२ भारतीय सैनिक मेले. ज्यांना अग्नी दिला त्यांची नावं दगडावर आहेत. एकट्या सांग्रो नदीकाठच्या स्मारकावर पाचशेहून जास्त, आणखी फोर्लीला. ज्यांचा पत्ताच लागला नाही ते कॅसिनोच्या स्मारकावर. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, बायकोचं नाव आणि गाव असतं. इथे दोन अडचणी येतात. पहिली, जिल्हा 'शोलापूर' अशा स्पेलिंगने शोधावा लागतो, आणि मंगळवेढा तेव्हा सांगली संस्थानात, अक्कलकोट स्वतः संस्थान, म्हणून तिथली माणसं जिल्ह्याच्या नावाखाली मिळाली नाहीत तर संस्थानांच्या नावाखाली बघा. दुसरी, गावांची नावं. माणदेशी पोराने तोंडाने सांगितलेलं गाव पंजाबी नाहीतर मद्रासी कारकुनाने ऐकून इंग्रजीत उतरवलेलं. वाचून डोकं फिरतं.

पण तिथेच माझा उपयोग आहे. असे पत्ते वाचण्याचाच मी चौतीस वर्षं पगार घेतला. तुमच्या पोरांना जी नावं लागणार नाहीत ती कागदावर जशीच्या तशी उतरवून, जवळच्या टपाल कार्यालयातल्या जुन्या पोस्टमनला दाखवा. आमच्यातले बरेच अजून आहेत, दुपारी रिकामेच असतात. मी स्वतः रविवारी सकाळी वाचनालयात सापडतो, वर्तमानपत्रांच्या टेबलाशी.

आणि त्या प्रदर्शनातल्या बाईंना : तक्ता फाडू नका. टायगर हिलचा फोटो काढून तिथे इटलीचा नकाशा लावा आणि एक बारीक निळी रेघ ओढून पोरांना विचारा, हा ओढा कुठला.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन

ता. क. : पदकं सापडली तर चिंच लावून घासू नका. आमच्या चुलतीने दिवाळीला भांड्यांबरोबर आबांची चांदणी घासली होती. लखलखीत झाली, आणि त्यावरचं इटली हे नाव आता फक्त बोटाला लागतं.